सीट कव्हरवाल्या आक्का आणि माझा लॅपटॉप

आक्कांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. नावं तर मुळीच नाहीत. मी त्यांच्या वरच्या खोलीत सहा वर्षं राहिले, पण त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. 'ए बाय' किंवा 'नरसिंगपूर' एवढंच. नरसिंहपूर माझं गाव.

इंदापुरात जुन्या हायवेच्या कडेला त्यांचं सीट कव्हरचं दुकान होतं. दुकानाला पाटी नव्हती. ट्रकचं एक फाटकं सीट दारात उलटं टांगलेलं होतं, तीच पाटी. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, जीप, कशाचंही सीट आक्का शिवून द्यायच्या. त्या वेळी साठीच्या आसपास असतील. काटक, काळ्यासावळ्या, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली, आणि तोंडात नेहमी दोन-तीन टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनच त्या बोलायच्या. त्यामुळं त्यांचं अर्धं बोलणं ऐकायला यायचं आणि अर्धं अंदाजानं घ्यावं लागायचं.

एकदा एक ट्रक ड्रायव्हर आला. म्हणाला, "आक्का, वळखलं का? चार वर्सांपूर्वी आलतो."

"न्हाय," आक्का म्हणाल्या.

त्यानं ट्रकमधून सीट काढून आणलं. आक्कांनी त्यावरून तळहात फिरवला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "सांगोल्याचा न्हवं तू? तंबाखूची डबी मागल्या खिशात ठिवून बसणारा. हितं बघ, डबीचा खड्डा."

ड्रायव्हर हसायला लागला. आक्का हसल्या नाहीत. "मागं तू डाव्या अंगावर बसत हुतास. आता उजवीकडं दबलंय. कंबर दाखव डॉक्टरला."

पुढं दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस कमरेला पट्टा बांधून आला आणि पेढ्यांचा पुडा ठेवून गेला. आक्कांनी मला विचारलं, "कोण हुता गं ह्यो?"

वस्तूंबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नवी आसताना वस्तू खोटं बोलती. झिजली की खरं सांगाय लागती." कुणी नवी गाडी दाखवायला आणली तर त्या बघायलासुद्धा उठत नसत. "पाच वर्सांनी आण," म्हणायच्या.

मी अकरावीला इंदापूरला आले तेव्हा आई मला घेऊन खोली बघायला आली होती. आक्कांनी आम्हाला काही विचारलं नाही. नव्या फोमचं एक सीट जमिनीवर ठेवून मला म्हणाल्या, "बस." मी बसले. "ऊठ." मी उठले. फोमवर पडलेला खळगा त्यांनी वाकून बघितला आणि आईला म्हणाल्या, "पोरगी कडंला बसती. कवा बी उठून जाईन म्हणून बसल्यागत. पर ऱ्हाऊ द्या." आईला काही कळलं नाही. मलाही नाही. पण खोली मिळाली.

बारावीनंतर मला बारामतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शाखेला प्रवेश मिळाला. हॉस्टेलला आईनं नकार दिला. "आक्कांपाशी हायेस ते बरं हाय. तिथनंच ये-जा कर." म्हणून मी रोज सकाळी इंदापूरहून एसटीनं बारामतीला जायची आणि संध्याकाळी परत यायची. जाता-येता तीन तास, त्यातले निम्मे उभं राहून. निमगाव केतकीला बाजाराचा दिवस असला की पालेभाज्यांच्या पाट्या, कोंबड्या आणि माणसं एकदमच आत शिरायची, आणि मी दांडीला लोंबकळत पुढं सरकायची.

अशात कॉलेजनं सांगितलं, प्रत्येकाकडं स्वतःचा लॅपटॉप पाहिजे. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोनवर म्हणाले, "एकदाच घिऊ आन चांगला घिऊ. तू ठरव."

तू ठरव! आमच्या घरात मला हे पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. मी ठरवायला बसले आणि पार गोंधळून गेले.

रोज एसटीत घेऊन जायचा म्हणून मला हलका लॅपटॉप हवा होता. हलक्यातले चांगले तीन माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यांची नावं इतकी लांब आणि आकड्यांनी भरलेली होती की मी त्यांना रंगांवरून ओळखायला लागले. एक चंदेरी, एक करडा, एक निळा. चंदेरी सगळ्यांत पातळ, वहीएवढा. दिवसभर चार्जिंग टिकतं म्हणे. पण त्याला बाजूला दोनच भोकं, पेनड्राइव्ह लावायलासुद्धा वेगळी वायर घ्या. करडा जरासा जड, पण त्याचा कीबोर्ड छान, असं सगळे म्हणायचे, आणि स्क्रीन मळकट, असंही तेच म्हणायचे. निळा पूर्ण उलटा दुमडायचा, त्याच्या स्क्रीनवर पेननं लिहिता यायचं. मला पेननं काय लिहायचं होतं ते मला माहीत नव्हतं, पण लिहिता येतं म्हटल्यावर ते सोडवत नव्हतं.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. एक पोरगा सांगायचा, आठ जीबी रॅम भरपूर झाली. दुसरा सांगायचा, आठ घेतलीत तर रडाल. एक म्हणायचा, विद्यार्थ्यांनी चंदेरीच घ्यावा. आणि त्याच पोराचा महिन्यानंतरचा व्हिडिओ होता, 'मी चंदेरी का विकला'. मी वहीत रकाने पाडले. वजन, बॅटरी, स्क्रीन, कीबोर्ड, भोकं. बेरीज केली की दर वेळी वेगळाच पहिला यायचा. कॉलेजातल्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "ते तुझ्या गरजेवर अवलंबून आहे." माझी गरज काय हे मला माहीत असतं तर मी त्यांच्याकडं कशाला गेले असते?

आक्कांनी ती वही बघितली. त्यांना लिहायला-वाचायला बेताचंच यायचं, पण रकाने त्यांना आवडले.

"वजन किती म्हणलीस?"

"चंदेरी एक किलो दोनशे ग्रॅम. निळा दीड. करडा एक किलो चारशे."

"मग खांद्याला इचारू," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड कापडाची एक पिशवी शिवली. आत अस्तराला कप्पा, आणि त्याचं तोंड शिवून बंद. शेजारच्या गॅरेजमधून लोखंडाच्या पट्ट्या आणल्या, किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतल्या आणि रोज सकाळी मला न दाखवता कप्प्यात कमी-जास्त पट्ट्या घालून वरून टाका मारायला लागल्या. माझी पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली त्यातच. संध्याकाळी मी उतरले की पहिला प्रश्न, "खांदा काय म्हणतोय?" मी सांगायचं, लय दुखला, जरा दुखला, नाही दुखला. आक्का भिंतीवर खडूनं रेघ ओढायच्या.

बारा दिवस हे चाललं. मैत्रिणींना वाटलं मी कसला तरी नवस बोललेय.

तेराव्या दिवशी आक्कांनी टाके उसवले आणि भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. मला सगळ्यांत जास्त दुखलं होतं त्या दिवशी कप्प्यात सगळ्यांत कमी वजन होतं. आणि सगळ्यांत जड वजनाच्या दिवशी मी सांगितलं होतं, आज काहीच नाही.

"असं कसं?" मी म्हणाले.

"त्या दिवशी बसाय मिळालंतं का तुला?"

आठवून बघितलं. मिळालं होतं. आणि हलक्या वजनाच्या दिवशी निमगावचा बाजार होता.

"म्हंजी खांद्याचं दुखणं वजनाचं न्हाय, उभं ऱ्हाण्याचं हाय," आक्का म्हणाल्या आणि चप्पल घालून स्टँडवर गेल्या. बारामतीच्या सकाळच्या गाडीवर एक ड्रायव्हर होता, त्याला त्यांनी कमरेला लावायची गादी शिवून दिली होती. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागच्या सीटवर त्याचा जेवणाचा डबा ठेवलेला असायचा. मी आले की तो डबा उचलायचा. का, ते आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

बसायची सोय झाली, पण आता वजनाचा रकाना बाद झाला, आणि माझा गोंधळ आणखी वाढला.

मग आक्कांनी दुकान बंद ठेवलं. ही मोठीच गोष्ट होती, कारण सण असो की ताप, दुकान उघडं असायचं. माझ्याबरोबर गाडीत बसून त्या बारामतीला आल्या. मला वाटलं, शोरूममध्ये जायचंय. मी दोन शोरूम हेरून ठेवली होती, दोन्हींत एसी. आक्का म्हणाल्या, "तितं नव्या आस्त्यात. दुरुस्तीवाला कुठं बसतोय?"

दुरुस्तीवाला एका व्यापारी गाळ्यांच्या इमारतीत, जिन्याखाली बसायचा. शांत, बारीक आवाजाचा माणूस, डोळ्याला भिंग लावलेलं. समोर लॅपटॉप उघडे पडलेले, जशी आमच्या दुकानात सीटं उघडी पडलेली असायची. आक्कांना तिथं एकदम घरच्यासारखं वाटलं. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्या पोरीला एक घ्याचाय. तुमच्याकडं काय काय तुटून येतंय ते दावा."

त्यानं आधी आमच्याकडं नीट बघून घेतलं. मग एकेक काढून दाखवायला लागला. निळ्याच्या दोन बिजागऱ्या तुटलेल्या. "उलटा दुमडतो ना, पोरं सारखं दुमडून दाखवतात." करड्याच्या कीबोर्डावरची अक्षरं पुसलेली, झाकणाला चरे, पण चालू. चंदेरी एकच होता, दिसायला नव्यासारखा, पण मेलेला. वरून थोडंसं पाणी सांडलं होतं.

"ह्यो का दुरुस्त हुईना?" आक्कांनी विचारलं.

"आज्जी, ह्यात सगळं एकाच पाटीवर चिकटवलेलं आहे. एक गेलं की सगळं गेलं. उघडायचं म्हटलं तरी मोडतं."

आक्कांनी चंदेरी हातात घेतला, कडेकडेनं अंगठा फिरवला, जोड कुठं आहे ते शोधलं. सापडला नाही. "उसवता येत न्हाय म्हंजी ह्यो शिवल्यालाच न्हाय," त्या म्हणाल्या. "दिसाय देखणा हाय पर."

दुरुस्तीवाल्यानं चहा मागवला. पुढचा पाऊण तास ते दोघं फोम, गोंद आणि स्क्रू याविषयी बोलत होते, आणि मी जिन्यात उभी राहून कॉलेजचे दोन तास बुडवले.

येताना गाडीत मी ठरवलं, करडा. निमगाव येईपर्यंत वाटायला लागलं, पण स्क्रीन मळकट आहे. इंदापूर आलं तेव्हा मी पुन्हा चंदेरीवर होते. आक्का खिडकीशी झोपल्या होत्या.

त्याच आठवड्यात आत्या आली.

माझी आत्या बारामतीची. अण्णांची थोरली बहीण, आणि माझ्यावर तिचा खरंच जीव. लहानपणी मला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस माझ्या उशाशी बसून होती. नरसिंहाच्या दर्शनाला निघाली होती, वाटेत गाडी आक्कांच्या दुकानासमोर थांबवली. बरोबर तिचा मुलगा होता. तो पुण्यात नोकरी करतो, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आत्याच्या हातात एक पांढरं खोकं होतं. पक्कं सीलबंद. चंदेरी लॅपटॉप.

"अण्णाला म्हटलं, तू राहू दे, मी घेते पोरीला," आत्या म्हणाली. "सगळ्यांत भारीतला आहे. दुकानदार म्हणाला, महिनाभरात कधीही बदलून देतो किंवा परत घेतो, फक्त सील फुटायला नको. पण बदलायचाय कशाला? आता काय, आपल्याच घरात राहणार आहे लॅपटॉप."

आणि ती हसली. मीही हसले, कारण काय करायचं ते कळलं नाही. आमच्याकडं भाचीला सून करून घ्यायची पद्धत आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आत्या लहानपणापासून मला 'माझी सून' म्हणायची, पण ती चेष्टा असते असं मी धरून चालले होते. तिचा मुलगा दारात टांगलेल्या उलट्या सीटकडं अगदी लक्ष देऊन बघत उभा होता.

आत्यानं आक्कांना सांगितलं, "ह्याला एक झकास बॅग शिवा बरं का. पातळ, नाजूक."

आक्कांनी खोक्याची लांबी-रुंदी घेतली. मग ते उचलून कोपऱ्यातल्या पायमशीनवर ठेवलं. ते मशीन कायम कापडाखाली झाकलेलं असायचं. आक्का काम करायच्या ते दुसऱ्या, मोठ्या मशीनवर. "बॅग हुईस्तोवर खोकं फोडायचं न्हाय," त्या मला म्हणाल्या. "हितं रेक्झिनची धूळ हाय. आत जाती."

ट्रकचं अख्खं सीट आक्का अर्ध्या दिवसात शिवायच्या. बॅगेला किती लागणार? मी दुसऱ्या दिवशी विचारलं. "कापलीया," म्हणाल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "कापताना चुकलं." सातव्या दिवशी पट्टा लावला होता, आठव्या दिवशी तो उसवून ठेवला होता. दहाव्या दिवशी रंग पसंत पडेना. मधल्या काळात तीन ट्रक, एक टेम्पो आणि कुणाच्या तरी बुलेटचं सीट होऊन गेलं.

आत्याचा रोज फोन. "उघडलास का गं? कसा आहे?"

"बॅग व्हायचीय."

"अगं बॅगेचं काय एवढं! उघडून बघ तरी."

आईचा फोन वेगळाच. "एवढ्या परेमानं दिलाय, ठिवून काय घेतलायस?" मी तिला आक्कांचं सांगितलं. खोकं कुठं ठेवलंय तेही सांगितलं. आई म्हणाली, "त्या मशीनवर? आगं, ती त्यांच्या सासरनं आल्याली. लग्नाच्या आदी. पोरीला शिवायची आवड हाय म्हणून सासऱ्यानं मशीन धाडली, आन ती आली म्हणून आक्कांच्या बापानं हो म्हणलं. दीड वर्सांत परत आल्या. येताना तेवढी मशीन घिऊन आल्या." हे आईला आधीपासून माहीत होतं. मी त्या मशीनजवळ तीन वर्षं चपला काढत होते.

मी संध्याकाळी आक्कांना विचारलं, "हे मशीन बिघडलंय का?"

"न्हाय. चालतंय की."

"मग?"

"मी न्हाय चालवत," म्हणाल्या आणि तोंडातली टाचणी काढून रेक्झिनला लावली.

माझं काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आत्याचा मुलगा वाईट नव्हता. त्यानं मला सायकल शिकवली होती. फार बोलत नाही, आवाज चढवत नाही. नको म्हणायला काही कारण मला सापडत नव्हतं, आणि हो म्हणायलाही. मग मी लॅपटॉपवरच राग काढायची. दोनच भोकं आहेत. पाणी सांडलं की मेला. पुन्हा वाटायचं, किती हलका आहे, किती सुंदर आहे, आणि आत्यानं दिलाय. एक दिवस वहीत मी नवे रकाने पाडले आणि त्यात काय लिहायचं तेच कळेना, म्हणून वही मिटली.

आक्कांनी त्या दिवसांत एकदाच मला विचारलं. "तुला काय पायजे?"

"मला कळतच नाही ओ आक्का."

"बरं हाय मग. कळल्याली लोकं लय घाई करत्यात."

तीन आठवडे होऊन गेले. कॉलेजात सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, लॅपटॉप कुठं आहे? मी म्हणाले, बॅग शिवायला टाकलीय. वर्ग हसला. त्या दिवशी मी परत आले ती थेट कोपऱ्यात गेले, खोकं खाली घेतलं, मशीनवर पडलेली कात्री उचलली आणि सीलला लावली.

आक्का उठल्या. कधी नव्हे ते भराभर चालत आल्या आणि माझ्या हातातून कात्री काढून घेतली. "ही रेक्झिनची कात्री हाय. कागदानं धार जाती."

माझा बांध फुटला. "धार गेली तर जाऊ दे! तुम्हाला बॅग शिवता येत नाही असं सरळ सांगा ना! महिना झाला! वर्गात हसतात मला!" आणखीही बोलले. जे बोलायला नको ते बोलले. "तुम्ही झाकून ठेवता म्हणून सगळ्यांनी झाकूनच ठेवायचं का?"

आक्का कात्री घेऊन आपल्या जागेवर गेल्या आणि शिवायला लागल्या. टाका सरळ पडत नव्हता, एवढं मला दिसलं.

मी तिथंच खोकं मांडीवर घेऊन बसले. रडू थांबलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, कात्री हातातून काढून घेतली त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं. रागाच्या आधी ते आलं होतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला भीती वाटायला लागली, कारण आता 'मला कळतच नाही' असं म्हणता येणार नव्हतं.

सकाळी मी खोकं घेऊन गाडीत बसले. ड्रायव्हरनं डबा उचलला. बारामतीला कॉलेजच्या थांब्यावर न उतरता मी आत्याच्या घरी गेले. शनिवार होता, तिचा मुलगाही घरी होता. आत्या पोहे करत होती.

"आत्या, हा मला नको."

"का गं? रंग दुसरा पाहिजे का?"

"रंग चांगला आहे."

"मग जड होतोय?"

"नाही. हलका आहे."

"मग काय झालं?"

मी बरंच ठरवून आले होते, दोन भोकांचं, चिकटवलेल्या पाटीचं. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. "आत्या, मला शिकायचंय आणि पुढचं मला काही माहीत नाही. लॅपटॉप घेतला की माहीत असल्यासारखं होतंय."

आत्यानं गॅस बंद केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं आपण फार मोठी चूक केली. "तुझ्या बापाला ठाऊक आहे का?" तिनं विचारलं. मी मान हलवली, नाही. "पोहे खाऊन जा," ती म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

तिचा मुलगा मला गाडीवरून दुकानात घेऊन गेला. दुकानदाराला म्हणाला, "सील बघून घ्या, तसंच आहे." परत येताना कॉलेजच्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, "मला पण कुणी विचारलं नव्हतं." तो रागावला होता की सुटला होता, ते मला त्याच्या आवाजावरून कळलं नाही.

घरी वादळ झालं नाही, पण अण्णा माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. आत्या त्या दिवाळीला आली नाही. पुढं तिच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा तिनं मला जवळ बोलावून साडी दिली. पण पूर्वीसारखं 'माझी' असं काही म्हणाली नाही. अजून आम्ही बोलतो, आणि दोघी जरा जपूनच बोलतो.

मग एक दिवस अण्णा केळीचा घड खांद्यावर घेऊन आक्कांच्या दुकानात आले. घड टेकवला, स्टुलावर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिकायचंच हाय न्हवं? मग चल. कुठला घ्याचा?"

मी त्यांना जिन्याखालच्या दुरुस्तीवाल्याकडं नेलं. त्याच्याकडं एक करडा लॅपटॉप विकाऊ होता, एका बँकेतल्या साहेबांनी तीन वर्षं वापरलेला. झाकणाला चरे, बॅटरी नवी घातलेली. अण्णा हळहळले. "जुना घेतीस?" मी म्हणाले, "ह्याचं काय काय बिघडतं ते आधीच कळलंय." स्क्रीन मळकटच होती. तिची सवय व्हायला मला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने मला वाटत राहिलं की निळा घ्यायला हवा होता. कॉलेज संपेपर्यंत तोच करडा चालला.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप आक्कांसमोर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, खालचे स्क्रू मोजले आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बॅग तयार होती. ट्रकच्या हुडाच्या हिरव्या कापडाची, दिसायला अगदीच वाईट, आत जाड फोम, आणि पट्टा असा की खांद्याला कळत नसे.

एका दिवसात झाली. मला राहवलं नाही. माझ्या त्या दिवसाच्या बोलण्याची माफीही मागायची होती, पण ती मागता येईना, म्हणून मी तेच विचारलं. "आक्का, खरं सांगा. त्या वेळी तुम्ही मुद्दाम लांबवलं ना?"

"छ्या," आक्का म्हणाल्या. "चेन मिळत नव्हती."

"चेनचं अख्खं बंडल आहे की तुमच्याकडं!"

"ती पाच नंबरची. जाड. तुज्या आत्याला नाजूक पायजे हुती. तीन नंबर लागती. सोलापूरला सांगितलीया, आली न्हाय."

मी हसले. म्हटलं, चला, कबूल तर करणार नाहीत.

आठ दिवसांनी दुपारी सोलापूरहून एक पार्सल आलं. आक्का एका ट्रकचं सीट भरत बसल्या होत्या, म्हणून मीच फोडलं. आत चेनची गुंडाळी होती. चंदेरी, बारीक, तीन नंबरची.

मी बघतच राहिले. गुंडाळीखाली व्यापाऱ्याची चिठ्ठी होती. ऑर्डर कधी दिली ते तिच्यावर लिहिलेलं असणार. आत्या येऊन गेली तेव्हा, की मी विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी? मी हात पुढं केला, पण आक्कांनी माझ्या आधी चिठ्ठी उचलली. चष्मा वर सरकवून ती डोळ्यांजवळ नेली, घडी घातली, समोरच्या सीटच्या फोममध्ये खोल सरकवली आणि वरून टाके घालायला सुरुवात केली.

"आक्का!"

"फोम हितं जरा कमी पडत हुता," त्या म्हणाल्या.

तासाभरानं ट्रकवाला आला, सीट बसवून घेतलं आणि सोलापूरच्या दिशेनं निघून गेला.